वृद्धाश्रमाचे दार आणि दारामागची माणसे

पुण्याहून हिंजवडीमार्गे कासारसाईकडे निघाले की काचेच्या उंच इमारती हळूहळू मागे पडतात. उसाची शेते लागतात, संत तुकाराम सहकारी साखर कारखाना येतो आणि मग धरणाचे शांत पाणी दिसू लागते. शहराच्या धकाधकीपासून अशा अंतरावर म्हातारपण घालवावे, असे अनेकांना वाटते. शहरात जागा महाग, धूर आणि गोंगाट फार. म्हणूनच पुण्याभोवतीच्या मुळशी, मावळ, हवेली या तालुक्यांत वृद्धांसाठीची निवासगृहे उभी राहिली. आई-वडिलांसाठी अशी जागा पाहायला आपण जातो तेव्हा मोकळी हवा, बाग, देवघर, खोलीतला उजेड पाहतो. शहरापासूनचे अंतर हा त्या वेळी गुणच वाटतो.

मार्च २०२० मध्ये या अंतराची परीक्षा झाली. महासाथीची ती दोन वर्षे आता मागे पडली आहेत. तरीही वाचकहो, ज्यांच्या घरातले कोणी वृद्धाश्रमात आहे किंवा उद्या तेथे जाण्याची शक्यता आहे, त्यांनी त्या काळाकडे पुन्हा एकदा शांतपणे पाहावे असे वाटते. वृद्धाश्रम चांगला कशाने ठरतो, याचे उत्तर त्या दोन वर्षांनी स्पष्टपणे दिले आहे.

दार बंद झाले तेव्हा

महाराष्ट्रातील पहिले करोनाबाधित ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २३ तारखेला राज्यात संचारबंदी आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. अवघ्या पंधरवड्यात जग बदलले.

आपली आई त्या वेळी अशा एखाद्या निवासगृहात होती, असे क्षणभर समजा. दर रविवारी आपण तिला भेटायला जात होतात. जाताना तिच्या आवडीची बाकरवडी, महिन्याची औषधे, एखादे मासिक घेत होतात. एका संध्याकाळी व्यवस्थापकांचा फोन येतो : उद्यापासून भेटी बंद, औषधे फाटकापाशी ठेवून जावे. आपण ‘किती दिवस?’ असे विचारता आणि पलीकडे उत्तर नसते.

व्यवस्थापकांसमोरचा प्रश्न त्याहून अवघड होता. आपल्याला दारावर थांबवणे सोपे होते. पण रहिवाशांना अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्री उठून कूस बदलून देणाऱ्या मावशींचे काय? ज्यांना सारे मामा म्हणतात, त्या सेवकांचे काय? ही माणसे बहुधा आसपासच्या गावांतून आणि वस्त्यांतून येतात. बस बंद, रस्त्यावर नाकाबंदी. ती रोज ये-जा करत राहिली तर विषाणू आत येण्याची भीती, आणि आलीच नाहीत तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पाहणार कोण?

अनेक संस्थांनी तेव्हा एकच विनंती केली : काही आठवडे आतच राहा. ज्यांनी ही विनंती मान्य केली, त्यांनी स्वतःची मुले, स्वतःचे म्हातारे सासू-सासरे गावी सोडून दुसऱ्यांच्या आई-वडिलांची सेवा केली. आठवड्यांचे महिने झाले. वृद्धाश्रमांतील माणसे जेथे सुखरूप राहिली, तेथे या निर्णयाचा वाटा मोठा होता.

विषाणू कोणाबरोबर आत येतो?

युरोप-अमेरिकेतील अनुभव याला दुजोरा देतो. २०२०च्या एप्रिल महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने सांगितले की, त्या भागातील काही देशांत करोनाने दगावलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांतील रहिवासी असावेत. कॅनडात पहिल्या लाटेतील सुमारे ८० टक्के मृत्यू अशा केंद्रांशी निगडित होते. हे देश श्रीमंत होते, इमारती चांगल्या होत्या, भेटीही बंद केल्या होत्या. मग विषाणू आत गेला कसा?

अमेरिकेत सिएटलजवळ किर्कलंड नावाचे गाव आहे. त्या परिसरात अनेक मराठी संगणक अभियंते राहतात. तेथील एका शुश्रूषा केंद्रात फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस मोठा उद्रेक झाला. तपासणीत असे आढळले की, लक्षणे असतानाही काही कर्मचारी कामावर येत होते आणि काही जण एकाहून अधिक केंद्रांत काम करत होते. यात त्या कर्मचाऱ्यांना दोष देण्याआधी थोडे थांबावे. ज्याला आजारपणाची भरपगारी रजा नाही, तो अंगात कणकण असली तरी कामावर येतो. ज्याचे एका पगारात भागत नाही, तो दोन ठिकाणी राबतो. विषाणू आत आला तो या अपुऱ्या पगाराच्या वाटेने. कॅनडातील काही प्रांतांनी पुढे कर्मचाऱ्याने एकाच केंद्रात काम करावे असा नियम केला, तो याच कारणाने.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तेथील १७ शुश्रूषागृहांतील कर्मचारी स्वेच्छेने रहिवाशांसोबत आत राहिले. त्या केंद्रांत मिळून १,२५० रहिवासी होते. नंतर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, या १७ पैकी केवळ एका केंद्रात रहिवाशांना लागण झाली. त्याच काळात फ्रान्समधील साडेनऊ हजार केंद्रांच्या पाहणीत सुमारे ४८ टक्के केंद्रांत लागण झालेली होती. अभ्यास लहान आहे आणि ही केंद्रे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात, हे मान्य करूनही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आपल्याकडच्या मावशींनी आणि मामांनी कोणताही अभ्यास न वाचता तेच केले होते.

ताप नाही, पण आजी गप्प आहेत

या काळाने वैद्यकीय दृष्टीनेही एक धडा दिला, आणि तो करोनापुरता नाही. तरुण माणसाला संसर्ग झाला की ताप येतो, खोकला येतो. वृद्ध शरीर मात्र नेहमीच अशी सरळ तक्रार करत नाही. वयोमानाने रोगप्रतिकारशक्तीचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे मोठा संसर्ग असूनही तापमान फारसे वाढत नाही. आजोबा एरवी चार पोळ्या खातात, आज ताटाला हात लावत नाहीत. आजी रोज हरिपाठ म्हणतात, आज त्यांना वार आठवत नाही. कोणी विनाकारण पडते, कोणी दिवसभर झोपून राहते, कोणी अचानक घरी निघायचे म्हणून हट्ट धरते. अशा एकाएकी उद्भवलेल्या बुद्धिभ्रमाला वैद्यकात डिलिरियम म्हणतात.

अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या ६५ वर्षांवरील ८१७ करोनाबाधितांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील २८ टक्के रुग्णांना येतानाच डिलिरियम होता, आणि अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांत ताप किंवा धाप यांसारखी नेहमीची लक्षणे नव्हती. फाटकावर कपाळाला बंदूक लावून ताप मोजणे तेव्हा सर्वत्र सुरू झाले होते. त्या यंत्राला ही माणसे निरोगीच दिसली असती.

तो बदल टिपू शकते फक्त ओळखीची नजर. ‘काल यांनी चहात बिस्कीट बुडवून खाल्ले होते, आज कप तसाच आहे,’ हे ज्या मावशीच्या लक्षात येते, ती कोणत्याही उपकरणाहून आधी सावध करते. त्यानंतर उपकरणे उपयोगी पडतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने प्राणवायूचे प्रमाण सकाळ-संध्याकाळ मोजणे आणि ते ९४ टक्क्यांखाली गेल्यास ताबडतोब डॉक्टरांशी बोलणे, हा साधा नियम त्या काळात अनेकांच्या कामी आला. पण कोणाचे माप आधी घ्यायचे, हे त्या नजरेनेच सांगितले. म्हणूनच दर दोन महिन्यांनी कर्मचारी बदलणाऱ्या संस्थेत ही नजर तयारच होत नाही.

पंगत मोडली, गट झाले

वृद्धाश्रमाचे सारे आयुष्य सामुदायिक असते. एक भोजनगृह, एक दूरचित्रवाणी संच, संध्याकाळचे एक भजन. महासाथीत हीच गोष्ट धोक्याची ठरली. जेथे सूज्ञपणे विचार झाला, तेथे रहिवाशांचे लहान गट केले गेले. प्रत्येक गटाची जेवणाची वेळ वेगळी आणि शक्यतो सेवा करणारी माणसेही ठरलेली. एखाद्याला लागण झालीच तर ती एका गटापलीकडे जाऊ नये, हा हेतू. एक खोली विलगीकरणासाठी रिकामी ठेवली गेली. खिडक्या उघड्या राहिल्या. सकाळचे चहापान व्हरांड्यात आणि अंगणात होऊ लागले. कासारसाईसारख्या मोकळ्या परिसराचा खरा लाभ येथे होता : हवा खेळती होती आणि अंतर ठेवून बसायला अंगण होते.

परंतु त्याच अंतराचा तोटाही होता. मोठे रुग्णालय शहरात. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या लाटेत पुण्यात खाट मिळणे दुरापास्त झाले, प्राणवायूचा तुटवडा पडला. तेव्हा शहराबाहेरच्या संस्थेला रुग्णवाहिका मिळवण्यापासूनच सुरुवात करावी लागे. ज्यांनी आधीच एखाद्या डॉक्टरांशी नियमित संबंध ठेवला होता, प्रत्येक रहिवाशाच्या औषधांची यादी आणि जुन्या आजारांची नोंद एका कागदावर तयार ठेवली होती, त्यांचे मोलाचे तास वाचले. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर मुखपट्टी का लावायची हे समजावणेच शक्य नव्हते. ती दर पाच मिनिटांनी काढली जाई. तेथे नियम लादण्यापेक्षा सेवा करणाऱ्याने स्वतःची मुखपट्टी न चुकता लावणे हाच उपाय होता.

पैशाचीही ओढाताण झाली. आपल्याकडे वाढदिवस, श्राद्ध, लग्नाची वर्षगाठ अशा निमित्तांनी वृद्धाश्रमात जेवण देण्याची चांगली प्रथा आहे. भेटी थांबल्या तेव्हा हा ओघही आटला, आणि साबण, हातमोजे, मुखपट्ट्या यांचा खर्च मात्र वाढला. देणगीवर चालणाऱ्या संस्थांना याची झळ अधिक बसली.

एकटेपणाचे दुखणे

दार बंद ठेवून विषाणू बाहेर ठेवता आला, तरी दुसरे एक दुखणे आत वाढत गेले. खोलीत बसून राहिलेल्या वृद्धांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात. काठी घेऊन चालणारा माणूस काही आठवड्यांत पलंगाला धरून उभा राहू लागतो, आणि गेलेली ताकद उतारवयात सहजी परत येत नाही. भूक मंदावते, झोप मोडते, बोलणे कमी होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तर मुलगा का येत नाही हे रोज नव्याने कळत नाही आणि रोज नव्याने दुखते.

पुण्यातल्या अनेक घरांची मुले परदेशी आहेत. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली. मे महिन्यापासून ‘वंदे भारत’ मोहिमेतून मर्यादित उड्डाणे झाली, पण नियमित सेवा पूर्ववत झाली ती २७ मार्च २०२२ रोजी. त्या दोन वर्षांत कितीतरी मुलांनी आईचे अखेरचे दर्शन भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घेतले. तो पडदा आईच्या चेहऱ्यासमोर कोणीतरी धरला होता. ‘बाळ दिसतोय बघा, बोला ना आजी,’ असे कोणीतरी तिच्या कानाशी वाकून म्हटले होते. मुलाच्या स्मरणात पडदा राहिला असेल. तो धरणारा हातही राहायला हवा.

भेटी पूर्ण बंद ठेवणे अपरिहार्य होते का? सुरुवातीच्या आठवड्यांत, जेव्हा विषाणूबद्दल फारसे ठाऊक नव्हते, तेव्हा कदाचित होते. पण पुढे नेदरलँड्सने मे २०२० मध्ये २६ शुश्रूषा केंद्रांत ठरावीक नातलगाला, नियम पाळून, भेटीची परवानगी देऊन पाहिली. पहिल्या तीन आठवड्यांत त्या भेटींमुळे नवा संसर्ग आढळला नाही, आणि रहिवाशांच्या मनःस्थितीवर चांगला परिणाम दिसला. यातून शिकण्याचे हे की, जवळचे माणूस हे निव्वळ पाहुणे नसते. भरवण्यात, चालवण्यात, ओळख टिकवण्यात त्याचा हात असतो. पुढे कधी अशी वेळ आली तर एका नातलगाला मुखपट्टी लावून, मोकळ्या अंगणात, ठरलेल्या वेळी येऊ देण्याची व्यवस्था आधीपासून आखलेली असावी.

लस आली, पण दाराशी अडली

१ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले. नोंदणी भ्रमणध्वनीवरून, ओळखपत्र आवश्यक, आणि केंद्रावर स्वतः जायचे. चालत्याफिरत्या माणसाला हे जमले. परंतु ज्यांच्याकडे कोणतेच कागदपत्र उरलेले नाही, जे अंथरुणातून उठू शकत नाहीत, त्यांचे काय? मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी कार्यपद्धती जाहीर केली, तीत वृद्धाश्रमातील नागरिकांचा स्पष्ट उल्लेख होता. त्याच महिन्यात वृद्धांसाठी घराजवळ लसीकरण करण्याच्या सूचना आल्या. घरोघरी लस द्यावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, आणि जुलै २०२१ च्या अखेरीस मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देणे सुरू झाले.

लसीने चित्र पालटले, तरी ती अभेद्य कवच नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात एका वृद्धाश्रमातील साठाहून अधिक जण बाधित आढळले. त्यांतील बहुतेकांनी दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. अनेकांना काहीच लक्षणे नव्हती. लस गंभीर आजार टाळण्यास मदत करते, पण एका छताखाली राहणाऱ्यांत संसर्ग पसरण्याचा धोका पुरता संपत नाही, ही गोष्ट फ्लूच्या बाबतीतही लागू आहे. आपल्या घरातील वृद्धांना दरवर्षी फ्लूची आणि गरजेप्रमाणे न्यूमोनियाची लस द्यावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. सेवा करणाऱ्यांच्या लसीकरणाबद्दलही तितक्याच आस्थेने विचारावे.

जागा पाहायला जाल तेव्हा

आता पुन्हा त्या पहिल्या रविवारकडे येऊ. आई-वडिलांसाठी जागा पाहायला आपण गेला आहात. बाग सुंदर आहे, खोलीत उजेड आहे. हे सारे पाहून झाल्यावर कार्यालयात बसून आणखी काही प्रश्न विचारावेत.

येथे सेवा करणारी माणसे सरासरी किती वर्षे टिकतात? रात्री किती रहिवाशांमागे एक माणूस जागा असतो? सेवकाला ताप आला तर त्याला पगारी रजा मिळते का, की तो रोजंदारी बुडू नये म्हणून कामावर येतो? संकटकाळी त्याला आत राहावे लागले तर त्याच्यासाठी स्वतंत्र खोली, स्वच्छतागृह आणि जादा मोबदला यांची सोय आहे का? विलगीकरणासाठी खोली आहे का? रात्री दोन वाजता कोणत्या डॉक्टरांना फोन केला जातो आणि जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे? भेटी थांबवाव्या लागल्या तर घरच्यांना रोजची खबर कोण देणार?

ज्या संस्थेला हे प्रश्न आवडणार नाहीत, तिच्याबद्दल पुन्हा विचार करावा. आणि उत्तरे समाधानकारक असतील, तर त्यासाठी थोडे अधिक शुल्क द्यावे लागले तरी ते वाया जात नाही, हे लक्षात घ्यावे.

आपलीही काही कर्तव्ये आहेत. औषधांची ताजी यादी, आजारांची नोंद, ओळखपत्रांच्या प्रती संस्थेकडे द्याव्यात. भ्रमणध्वनीवर चेहरा पाहून बोलण्याची सवय आई-वडिलांना आत्ताच लावावी, संकटात ती नव्याने शिकवता येत नाही. मनातली एखादी शंका किंवा तक्रार असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक १४५६७ टिपून ठेवावा. आणि पुढच्या भेटीला जाताना आईसाठी बाकरवडी नेताना आणखी एक पुडा बरोबर घ्यावा. ज्या मावशी तिला रोज अंघोळ घालतात, त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसेल तर विचारून घ्यावे. त्यांच्या मुलांची चौकशी करावी.

धरणाकाठची हवा चांगली आहे, झाडे सावली देतात. पण दाराआडची खरी सुरक्षितता त्या माणसांच्या असण्यावर अवलंबून होती. ती माणसे टिकतील असे वेतन, अशी रजा आणि असा मान त्यांना मिळतो की नाही, हे पाहणे म्हणजे आपल्याच आई-वडिलांची काळजी घेणे होय.